अल्ट्रासाउंडने पाण्यातली रसायनं तोडायची कशी: विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांसाठी पहिल्या प्रयोगाचं मार्गदर्शन

हा लेख तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र, फार्मसी किंवा पॉलिटेक्निक शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे, आणि त्यांना प्रोजेक्ट देणाऱ्या शिक्षकांसाठीही. आपल्याकडे पाण्यावर प्रोजेक्ट म्हटलं की टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) आणि हार्डनेस (पाण्याचा जडपणा) मोजून फाइल बंद होते. त्याच्या पुढचं काम आपल्याच लॅबमध्ये करता येतं. पाण्यात अल्ट्रासाउंड, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडून त्यातले रासायनिक रेणू तोडणं हे त्यातलं एक. लागणारं यंत्र शोधलं तर गावातच सापडतं, रसायनं स्वस्त आहेत आणि निकाल आकड्यांत मोजता येतो.

आधी ठरवा: पाण्यात नेमकं काय आहे?

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. नवीन मुलं नेमकी हीच गाळतात, म्हणून इथे जरा थांबतो.

अल्ट्रासाउंड तोडतं ते सेंद्रिय रेणू: कापडाचे रंग, फिनॉल, कीटकनाशकं, औषधांचे अंश, क्लोरोफॉर्मसारखे लवकर उडणारे द्रव. फ्लोराइडला ते हात लावू शकत नाही, कारण तो एकटा आयन आहे, त्यात तोडायला बंधच नाही. क्षारांचंही तसंच. नायट्रेटच्या बाबतीत तर गंमत उलटी होते. हवा विरघळलेल्या पाण्यात अल्ट्रासाउंड चालवलं की हवेतल्या नायट्रोजनपासून थोडं नायट्राइट आणि नायट्रेट नव्याने तयार होतं आणि पाण्याचा पीएच उतरतो.

आता हे आपल्या जिल्ह्यांवर ठेवून बघा. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या बऱ्याच गावांत दुखणं फ्लोराइडचं आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाण्यात पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तिथे दुखणं क्षारांचं. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. तुमच्या गावाचा प्रश्न यातला असेल तर ग्रामपंचायतीकडच्या फील्ड टेस्टिंग किटने किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या आणि उपाय त्या दिशेने शोधा. कोणी "ध्वनिलहरींनी फ्लोराइड घालवतो" म्हणून मशीन विकायला आलं तर सरपंचांना हे स्पष्ट सांगायला तुम्हीच हवेत.

मग आपल्या भागात या तंत्राचा अभ्यास कशासाठी? फवारणीसाठी. पऱ्हाटी, सोयाबीन, तूर, संत्रा, सगळ्यांवर औषध पडतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती विषबाधा फवारा अंगावर आणि श्वासात गेल्याने झाली होती, पाण्यातून नव्हे. पण वावरात एवढं जहाल औषध जातं तर पंप धुतलेलं पाणी, ड्रमच्या तळाचा उरलेला गाळ कुठे जातो, हा प्रश्न रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे.

आत काय घडतं

विहिरीचं पाणी खाली गेलं आणि मोटर तशीच ओढत राहिली की ती खडखडायला लागते. महिनाभर तशी चालवून पंप उघडला तर इम्पेलरच्या पात्यांवर बारीक खड्डे पडलेले दिसतात. ओढीने पाण्याचा दाब एवढा घटतो की पाण्यातच वाफेचे बुडबुडे होतात, आणि पुढे दाब वाढला की ते धातूला लागून फुटतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचे पंखे असेच खराब होत, आणि लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये असा बुडबुडा मिटताना किती दाब तयार होतो याचं गणित मांडलं. अल्ट्रासाउंडमुळे रासायनिक क्रिया घडतात हे रिचर्ड्स आणि लूमिस यांनी १९२७ मध्ये दाखवलं.

सेकंदाला २० हजारांहून जास्त वेळा कंप पावणारी लहर पाण्यातून जाते तेव्हा पाणी क्षणात ताणलं जातं, क्षणात दाबलं जातं. ताणात बुडबुडा फुगतो, दाबात तो मिटतो. मिटताना आतल्या वायूला उष्णता बाहेर टाकायला सवड मिळत नाही. त्या सूक्ष्म जागेत तापमान ५,००० केल्विनच्या आसपास आणि दाब शेकडो वातावरणांइतका जातो, तोही सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षा कमी वेळ. बाहेरचं पाणी मात्र हाताला कोमटच लागतं.

एवढ्या उष्णतेत पाण्याची वाफच फुटते आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेले अतिशय क्रियाशील OH तुकडे, तयार होतात. त्यांची ऑक्सिडेशन क्षमता २.८ व्होल्ट, ओझोनची २.०७. समोर येईल तो सेंद्रिय रेणू ते तोडतात. उडणारा रेणू बुडबुड्याच्या आत शिरून थेट जळतो, आणि पाण्यात मुरलेला रेणू बुडबुड्याच्या कडेला किंवा बाहेर या रॅडिकलच्या तावडीत सापडतो. तुमचा रेणू यातला कोणता हे ओळखलं की प्रयोग हळू चालेल की जोरात, याचा अंदाज आधीच येतो.

यंत्र कुठून आणायचं

सोनोग्राफीचं मशीन इथे उपयोगाचं नाही. त्याची कंपनं मेगाहर्ट्झमध्ये आणि ताकद जाणूनबुजून कमी ठेवलेली असते. आपल्याला हवा अल्ट्रासोनिक क्लीनर. फार्मसी कॉलेजात तो असतोच. एचपीएलसीच्या (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) द्रावणातली हवा काढायला वापरतात, आणि तिथे त्याला सोनिकेटर म्हणतात. चष्म्याच्या दुकानात किंवा सराफाकडे छोटा मिळतो, पण तो काही मिनिटांत आपोआप बंद पडतो आणि पुन्हा पुन्हा चालू करावा लागतो. शिकण्यासाठी तोही चालेल. बहुतेक क्लीनर ४० किलोहर्ट्झचे असतात. रॅडिकल सगळ्यात जास्त तयार होतात ते साधारण २०० ते ६०० किलोहर्ट्झला. म्हणजे आपलं यंत्र या कामासाठी आदर्श नाही, हे मान्य करूनच पुढे जायचं.

पाणी नसताना बाथ एक क्षणही चालवू नका, खालचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेची कंपनं करणारा भाग, जातो. चालू बाथमध्ये बोटं घालू नका. बाथमध्ये थेट स्पिरिट, ॲसिटोन असलं काही ओतू नका. झाकण ठेवा, कारण कर्कश आवाजात तासभर बसणं कानाला बरं नाही.

पहिला दिवस फॉइलचा

बाथमध्ये सगळीकडे सारखी ताकद नसते. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणून ४० किलोहर्ट्झला लहरीची लांबी पावणेचार सेंटिमीटरच्या आसपास. जोराच्या जागा तिच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे दर पावणेदोन-दोन सेंटिमीटरवर येतात. फ्लास्क एक सेंटिमीटर वर-खाली झाला तरी निकाल बदलतो तो यामुळे.

बाथ खुणेपर्यंत पाण्याने भरा, भांडी धुण्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाका. दहा मिनिटं नुसता चालू ठेवा आणि कान देऊन ऐका. सुरुवातीला पाण्यात विरघळलेली हवा मोठ्या बुडबुड्यांनी वर येत राहते आणि आवाज बसका, तुटक असतो. हवा निघून गेली की तो एकसारखा आणि तीक्ष्ण होतो. आता स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी तारेच्या चौकटीला ताणून बांधा आणि उभी पाण्यात धरा, अर्धा ते एक मिनिट. बाहेर काढून खिडकीच्या उजेडाकडे धरलीत तर काही ठिकाणी फॉइल जशीच्या तशी, काही ठिकाणी सुरकुतलेली आणि काही ठिकाणी बारीक छिद्रांची चाळण झालेली दिसेल. छिद्रं आडव्या पट्ट्यांत आलेली असली तर लहर तुम्हाला डोळ्यांनी दिसली असं समजा. जिथे चाळण सगळ्यात दाट, तिथे फ्लास्कचा तळ यायला हवा. स्टँडच्या दांड्यावर आणि बाथच्या कडेला मार्करने खूण करा. पाण्याची पातळीही खुणेवरच ठेवा. फॉइलचे तुकडे पाण्यात राहतात, ते पाणी बदला.

पाण्यात खरी ताकद किती जाते

यंत्रावर लिहिलेले वॅट म्हणजे पाण्यात पोहोचलेले वॅट नव्हेत. सपाट बुडाच्या पातळ काचेच्या फ्लास्कमध्ये २०० मिली डिस्टिल्ड वॉटर घ्या. फ्लास्क आणि बाथ दोन्हींचं तापमान सारखं करून सुरू करा आणि दर मिनिटाला थर्मामीटर वाचा. समजा ५ मिनिटांत ३ अंश वाढले. मग ताकद = २०० × ४.१८ × ३ ÷ ३०० = साधारण ८.४ वॅट. पहिल्या पाच मिनिटांचेच आकडे धरा. नंतर बाथचं पाणीही तापतं आणि हिशेब बिघडतो.

गावाकडे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे व्होल्टेज. संध्याकाळी ते पडलं की बाथची ताकदही पडते. स्टॅबिलायझर असेल तर लावा, नसेल तर मल्टिमीटरने दर वेळी व्होल्टेज मोजून वहीत लिहा. मध्येच लाइट गेली तर तो नमुना रद्द, पुन्हा पहिल्यापासून.

रॅडिकल तयार होतात का ते तपासा

लिटरला १६.६ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, म्हणजे ०.१ मोलर. ताजं करा, तपकिरी बाटलीत ठेवा. १०० मिली फ्लास्कमध्ये घेऊन अर्धा तास बाथमध्ये चालवा. तेवढंच द्रावण दुसऱ्या फ्लास्कमध्ये घेऊन बाहेर अंधारात ठेवा. आयोडाइडचं आयोडीन झालं की पिवळसर छटा येते. युव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर ३५२ नॅनोमीटरला वाचा, नसेल तर स्टार्चचे दोन थेंब टाका. बाथमधला फ्लास्क निळसर झाला आणि बाहेरचा तसाच राहिला तर तुमचा बाथ काम करतोय. काही जुन्या पद्धतींत क्रिया वाढवायला कार्बन टेट्राक्लोराइड घालायला सांगितलेलं असतं. ते विषारी आहे, घालू नका.

दर आठवड्याला ही चाचणी करा. निळा रंग फिका पडायला लागला तर बाथ कमजोर झालाय, आणि ते तुमच्या रंगाच्या प्रयोगात कळण्याआधी इथे कळतं.

आता रंग

सुरुवात मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाने करा, कीटकनाशकाने नव्हे. १०० मिलिग्रॅम एक लिटरमध्ये विरघळवा, त्यातलं ५० मिली पुन्हा एक लिटरला न्या, म्हणजे लिटरला ५ मिलिग्रॅमचं द्रावण मिळेल. १, २, ३, ४, ५ मिलिग्रॅमची द्रावणं करून कलरीमीटरवर लाल फिल्टर, ६६० नॅनोमीटरच्या आसपास, लावून आलेख काढा. हा रंग काचेला आणि त्याहून जास्त प्लॅस्टिकच्या क्युव्हेटला (कलरीमीटरमध्ये नमुना ठेवायच्या नळीला) चिकटतो. दर वाचनाआधी क्युव्हेट त्याच द्रावणाने दोनदा विसळा.

चार फ्लास्क हवेत, एकही कमी करू नका. पहिला नुसता रंग, अंधारात, बाथच्या बाहेर पण त्याच तापमानाला. दुसरा रंग आणि अल्ट्रासाउंड. तिसरा रंग, फेरस सल्फेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, पण अल्ट्रासाउंड नाही. चौथ्यात सगळं. फेरस आणि पेरॉक्साइड मिळूनसुद्धा हायड्रॉक्सिल रॅडिकल देतात, त्याला फेंटन क्रिया म्हणतात. तिला पीएच ३ च्या आसपास लागतो. तिसरा फ्लास्क लावला नाही तर चौथ्यातलं श्रेय कुणाचं, हे तुम्हाला कधीच सांगता येणार नाही. माझ्या मते या विषयावरचे निम्मे विद्यार्थी-प्रोजेक्ट इथेच कच्चे राहतात.

मात्रा सुरुवातीला अगदी कमी ठेवा: २०० मिली रंगात फेरस सल्फेट १ मिलिग्रॅम, आणि औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड दहापट पातळ करून त्यातलं १ मिली. जास्त घातलं तर तिसऱ्या फ्लास्कचाच रंग झटकन उडेल आणि अल्ट्रासाउंडचा फरक दिसणार नाही. पेरॉक्साइड गरजेपेक्षा जास्त झालं तर ते स्वतःच रॅडिकल खातं.

दर १० मिनिटांनी ५ मिली काढून लगेच वाचा. फेंटनच्या नमुन्यांत क्रिया नळीतही चालूच असते. नुसत्या बाथमध्ये रंग डोळ्यांदेखत उडेल ही अपेक्षा ठेवू नका, आकडे हळू उतरतात. समजा तासाभरात ॲब्सॉर्बन्स (द्रावण किती प्रकाश शोषतं तो आकडा) ०.८० वरून ०.६० वर आला. ०.८० भागिले ०.६० याचा नैसर्गिक लॉग ०.२८८. त्याला ६० ने भागलं की वेगाचा स्थिरांक मिनिटाला ०.००४८, आणि अर्धा रंग जायला सुमारे १४४ मिनिटं. सगळ्या वेळांचे लॉग काढून आलेख सरळ रेषेत येतो का ते बघा.

आपल्याकडे याचा खरा शत्रू ऊन आहे. पाणी जितकं गरम, तितकी बुडबुड्यात वाफ जास्त भरते, आणि ती वाफ मिटण्याचा जोर कमी करते. साधारणपणे रसायनं तापवली की क्रिया वाढते, इथे उलटं होतं. मे महिन्यात अकोल्यात टाकीचं पाणीच चाळिशीला टेकलेलं असतं, त्यावर बाथ स्वतः तापतो. प्रयोग दिवाळीनंतर सकाळी लावा. दर दहा मिनिटांनी बाथ थांबवून थोडं पाणी काढा आणि तेवढंच गार पाणी घाला. २५ अंशांच्या आसपास दोन अंशांत राहिलं पाहिजे. बर्फाचे खडे चालू बाथमध्ये तरंगत ठेवू नका, लहर बिघडते.

विहिरीचं पाणी

डिस्टिल्ड वॉटरमध्ये जमलं की तोच रंग, तेवढाच, गावच्या विहिरीच्या पाण्यात घालून बघा. हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आपल्या काळ्या बेसाल्ट खडकातलं पाणी जड, बायकार्बोनेटने भरलेलं. बायकार्बोनेट आणि क्लोराइड दोन्ही हायड्रॉक्सिल रॅडिकलला मध्येच पकडतात, त्यामुळे प्रदूषकापर्यंत कमी पोहोचतात. उलट क्षार फार असतील तर काही सेंद्रिय रेणू पाण्यातून ढकलले जाऊन बुडबुड्याच्या कडेला जमतात आणि त्यांचा वेग वाढूही शकतो. म्हणून आधी टायट्रेशनने अल्कलिनिटी (बायकार्बोनेटचं माप) आणि क्लोराइड काढा, मग वेग मोजा. एक विहीर, एक बोअर, एक खारपाणपट्ट्यातला नमुना आणि डिस्टिल्ड, एवढे चार शेजारी शेजारी ठेवले तरी पदवीच्या प्रोजेक्टला भरपूर झालं.

रंग गेला म्हणजे विष गेलं असं नाही

रंग उडतो तो रेणूचा एक भाग तुटला की. उरलेले तुकडे पाण्यातच असतात. किती सेंद्रिय शिल्लक आहे ते बघायला सीओडी (ते ऑक्सिडाइझ करायला लागणारा ऑक्सिजन) काढा, पण पेरॉक्साइड उरलेलं असेल तर सीओडी खोटा वाढलेला येतो, आधी ते संपलंय याची खात्री करा.

कीटकनाशकांत हे जास्त गंभीर आहे. क्लोरपायरिफॉस किंवा डायमेथोएटसारख्या औषधांत फॉस्फरसला सल्फर जोडलेला असतो. ऑक्सिडेशनने तिथे ऑक्सिजन आला की ऑक्सॉन तयार होतो, आणि तो मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असतो. डायमेथोएटपासून होणारा ओमेथोएट हा त्यातलाच. अर्धवट चालवलेली प्रक्रिया न चालवलेल्यापेक्षा घातक ठरू शकते. त्यामुळे खऱ्या कीटकनाशकाला एचपीएलसी आणि जाणकार मार्गदर्शक असल्याशिवाय हात लावू नका. ती सोय नसेल तर पाणी विषारी उरलंय का ते बघायला मूग वापरा, पण रंगाच्याच नमुन्यांवर: पाण्याचा पीएच ७ वर आणा, गाळणकागदावर प्रत्येक नमुन्यात दहा-दहा दाणे ठेवा, तीन दिवसांनी किती उगवले आणि मूळ किती वाढलं ते पट्टीने मोजा. साध्या पाण्याचे दाणे सोबत हवेतच.

प्रयोगाचं उरलेलं पाणी नाल्यात टाकायचं नाही. एका कॅनमध्ये साठवा, आयोडीनमध्ये हायपो (सोडियम थायोसल्फेट) घालून रंग घालवा, बाकी कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यासोबत जाऊ द्या.

खर्च, आणि मोठं करायचं तर

६० वॅटचा बाथ २ तास चालवून २०० मिली साफ झालं असं धरा. वीज लागली ०.१२ युनिट. लिटरला ०.६ युनिट. फवारणीच्या २०० लिटरच्या ड्रमला १२० युनिट. कोणत्याही शेतकऱ्याला हे परवडणार नाही, आणि तसं त्याला सुचवूही नका. पंप आणि डबे तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्याच टाकीत घालणं, धुणं विहीर-नाल्यापासून लांब करणं, हे आजच्या आज फुकटात होतं.

मोठ्या प्रमाणावर जायचं तर वाट हायड्रोडायनॅमिक कॅव्हिटेशनची आहे: पाणी पंपाने अरुंद छिद्रातून जोरात ढकलायचं, छिद्रापलीकडे दाब पडतो आणि बुडबुडे होतात. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांनी यावर बरंच काम केलं आहे. त्यांचे शोधनिबंध शोधून वाचा. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये एक एचपीचा पंप, बायपासचा व्हॉल्व्ह, छिद्राच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज आणि २-३ मिलिमीटर छिद्राची स्टीलची चकती एवढ्यावर छोटा सेट बसतो. फ्लँजमध्ये चकती बदलता येईल असं करा, टाकीत थंड पाण्याची कॉइल टाका, आणि पहिल्यांदा चालवताना रंग घालू नका. पोटॅशियम आयोडाइडची तीच चाचणी आधी लावा.